प्रकृतीच्या कारणास्तव माजी

आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर आता फार दिवसांचे सोबती नाहीत, ही बातमी सकाळी दूधवाल्याने आणली. दुपारी ती गल्लीच्या टोकाला पोचली, तेव्हा डॉक्टर अंथरुणाला खिळलेले होते आणि बोलणंही बंद झालं होतं.

मी शेजारधर्म पाळणारी बाई. फळांची पिशवी घेतली, जमेल तितका चेहरा पाडला आणि दार वाजवलं. दार डॉक्टरांनीच उघडलं. शिडीवर चढून पंखा पुसत होते म्हणे. खांद्यावर फडकं, गाल शेंगदाण्यांनी फुगलेला.

"काय हो शेजारीणबाई, कोण गेलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "म्हणजे, निघालात असं कळलं."

आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, त्या संस्थेचा प्रताप! बाहेरच्या फलकावर लिहिलंय, 'प्रकृतीच्या कारणास्तव पदमुक्त'. सकाळपासून माणसांची रीघ लागलीय. फळं मात्र ठेवून जा हं, आता आणलीच आहेत तर!"

तर बातमी एवढीच होती, की डॉक्टर संस्थेच्या कार्यकारी मंडळाचे माजी सदस्य झाले होते. त्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

ही संस्था आमच्या घरामागच्या रस्त्यावर आहे. लोकांना लोकशाही शिकवणं, नागरिकांचा सहभाग वाढवणं, हे तिचं काम. वरच्या मजल्यावर मंडळाची खोली: लांबलचक टेबल, अंग बुडेल अशा खुर्च्या आणि भिंतीवर सोनेरी अक्षरांत 'प्रत्येक मत मोलाचे'. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य. आवाज असा, की साधं 'पाणी द्या' म्हणाले तरी समोरचा वहीपेन शोधायला लागतो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांची दाढ दुखली, ते डॉक्टरांच्या खुर्चीत बसले, आणि डॉक्टर दाढ कोरता कोरता अधूनमधून नुसतं "हं, हं" म्हणत राहिले. एवढा ऐकून घेणारा माणूस अध्यक्षांनी आयुष्यात पाहिला नव्हता. महिन्याभरात डॉक्टर मंडळावर.

संस्थेत मतं मोजायची पद्धत नव्हती. "मोजणी केली की मनं दुभंगतात," असं अध्यक्ष म्हणायचे. त्यामुळे ठराव वाचायचा, अध्यक्षांनी पहिली टाळी वाजवायची, मग बाकीच्यांनी वाजवायच्या, की झाला ठराव एकमताने मंजूर. जमाखर्च असाच मंजूर व्हायचा, अध्यक्षांची फेरनिवडही अशीच. त्या टाळ्याही ते स्वतःच सुरू करायचे. दुसऱ्या कुणाला कशाला त्रास!

आणि एखाद्याने टाळी नाहीच वाजवली तर? तर त्याची प्रकृती बिघडायची. कुणी आरडाओरडा करायचा नाही, भांडण नाही, छे! छानसा निरोप समारंभ, पुष्पगुच्छ, जिन्याच्या भिंतीवर चौकटीतला फोटो. आणि अध्यक्षांच्या भाषणाचा शेवट ठरलेला: "आपण आज माजी झालात, तरी या सभेतलं आपलं मत कायम राहील!" कडकडून टाळ्या.

अशाने जिन्याची भिंत भरत चालली. पण ते आजारी लोक बघा! छापखान्याचे मालक रोज सकाळी तलावाच्या दोन फेऱ्या पोहून येतात. वकीलबाई काठी घेऊन टेकडी चढतात. काठी आधाराला नाही, वाटेतल्या कुत्र्यांना धाक म्हणून. या गावात कुणाला धडधाकट माणूस बघायचा असेल, तर त्याने संस्थेचा जिना चढावा.

आता डॉक्टरांची प्रकृती कशाने बिघडली ते सांगते. खालच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे दर मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांनी एक उपद्व्याप सुरू केला होता. पाण्याच्या, दिव्यांच्या, नाहीतर रस्त्याच्या खात्यातला एखादा अधिकारी बोलवायचा, मधे टेबल न ठेवता खुर्चीत बसवायचा, आणि समोर आम्ही रस्त्यावरची सगळी. विचारा काय विचारायचं ते! भाजीवाली विचारायची, रिक्षावाला विचारायचा, मी तर विचारायचेच. अधिकारी घाम पुसायचा. आमच्या कोपऱ्यावरचा दिवा त्याच खोलीतल्या आरडाओरड्याने लागला, आणि उघड्या गटारावर झाकण आलं तेही तिथूनच.

आवाज मात्र वरपर्यंत जायचा. एकदा वर पाहुण्यांसमोर 'सामान्य माणसाला बोलतं कसं करावं' यावर अध्यक्षांचं व्याख्यान चालू होतं, आणि खालून भाजीवाली गरजली, "अरे बस खाली, माझं संपलं नाय अजून!" पाहुणे हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

पुढच्याच बैठकीत ठराव आला: जिन्याची भिंत पुरत नाही, तेव्हा खालची खोली रिकामी करून तिथे 'माजी सदस्य दालन' करावं. प्रत्येक फोटोवर छोटा दिवा. सगळ्यांच्या टाळ्या झाल्या. डॉक्टर मात्र हाताची घडी घालून बसले. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या दिवशी मला पोचवायला वहिनी दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "दवाखाना लेकीच्या हाती दिल्यापासून या माणसाला आठवड्यात एकच वार उरलाय हो. बाकीचे दिवस तो त्या वाराची वाट बघतो. वार्षिक सभेत ठराव पक्का झाला की खोलीला कुलूप. मग ह्यांचं काय करू मी? पंखे तरी किती पुसून घेऊ?"

शेवटचं त्या हसत म्हणाल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला काय ते कळलं.

डॉक्टर गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तमाम माजींना घरी बोलावलं. खुर्च्या आमच्याकडून गेल्या, म्हणजे मीही गेलेच. लोकशाहीसाठी मंडळ सोडलेली ही माणसं. आता काय एकजूट दिसेल, म्हणून मी दाराशी जागा धरून बसले. सुरुवातीचा सगळा वेळ या बैठकीचे अध्यक्ष कोण, यावरच गेला.

"मी सगळ्यांत आधी बाहेर पडलो," छापखानेवाले म्हणाले.

"आधी पडलात म्हणजे शहाणे ठरत नाही, छापखानेवाले," वकीलबाई म्हणाल्या. "मी सर्वांत जास्त बोलून पडले."

मतं घेतली, तर प्रत्येकाला एकेक मत. ज्याचं त्याला. वहिनींनी चहा आणला म्हणून बरं, नाहीतर तिथेच एक नवी संस्था निघाली असती.

शेवटी डॉक्टर उठले. "मला अध्यक्ष नको, भाषण नको. सभेला या आणि हात मांडीवर ठेवा, बस."

"आणि?" छापखानेवाल्यांनी विचारलं.

"आणि काही नाही. टाळी वाजवायची नाही."

"अहो, पण ती आपोआप वाजते! सवय आहे ना. परवा घरी कुकरची शिट्टी झाली तर मी टाळी दिली."

"मग हातात काठी धरा. माझी देते," वकीलबाई म्हणाल्या.

सभेला मी शेवटच्या रांगेत होते. वार्षिक सभा सर्वांना खुली असते, फक्त एरवी कुणी येत नाही. त्या दिवशी माजींनी मागच्या सगळ्या खुर्च्या भरल्या. अध्यक्षांना फार बरं वाटलं. "आमचा परिवार!" असं म्हणून त्यांनी हात जोडले, ठराव वाचला आणि पहिली टाळी वाजवली. पुढच्या रांगेतल्या विद्यमान सदस्यांनी साथ दिली. मागे चिडीचूप. छापखानेवाले काठी अशी आवळून बसले होते, जणू सुटली तर उडून जाईल.

पुढच्यांच्या टाळ्या आपसूक विरल्या. अध्यक्षांनी चष्म्यावरून मागे पाहिलं. "ठराव मंजूर," ते जरा घाईनेच म्हणाले.

"कसा?" डॉक्टर उभे राहिले. "जास्त माणसं गप्प आहेत."

"डॉक्टर, माजींचं मत धरत नाहीत."

वकीलबाई याचीच वाट बघत होत्या. "धरता! माझ्या निरोपाला तुम्हीच म्हणालात, मत कायम राहील. त्यावर टाळ्या पडल्या. म्हणजे तुमच्या रीतीने ठराव झाला. आणि एकदा नाही, आमच्यातल्या प्रत्येकाच्या निरोपाला झाला."

"अहो बाई, ती निरोपाला बोलायची पद्धत असते!"

"असं होय! मग तुमची फेरनिवड टाळ्यांवरच होते. तीही बोलायचीच पद्धत का?"

पुढच्या रांगेतला एक सदस्य खोकला. दुसऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर तो हिशेब स्पष्ट दिसला: टाळी खरी धरली तर खोली हातची जाते, खोटी धरली तर खुर्ची. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "खालची खोली आहे तशीच राहील," ते म्हणाले, आणि वर "संवादातून मार्ग निघाला" अशी मखलाशीही केली. एवढं ऐकलं आणि छापखानेवाल्यांच्या हातून काठी सुटली, टाळी वाजलीच.

मग काय, माजींना चेव आला. अध्यक्ष डॉक्टरांनाच करा, तेही बिनविरोध, आत्ताच्या आत्ता! टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. डॉक्टर कुठे आहेत म्हणून पाहिलं, तर ते केव्हाच खाली जाऊन खोलीतल्या खुर्च्या झटकत होते.

पुढच्या मंगळवारी पाण्याच्या खात्याचा माणूस आला होता. आमच्या नळाला आठवडाभर नुसती हवा येत होती, त्यामुळे सुरुवात मीच केली. भाजीवाली मधे पडली, रिक्षावाला तिच्या मधे पडला, डॉक्टर मला "बाई, जरा श्वास घ्या" म्हणाले, तर मी त्यांच्यावरही घसरले. तेवढ्यात जिन्यावरून अध्यक्ष उतरले, अजूनही तेच. वर पाहुणे असावेत. दारात उभं राहून त्यांनी कानांवर हात नेले.

"डॉक्टर, किती हा गोंधळ! याला लोकशाही म्हणायचं का?"

डॉक्टरांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "छे हो. लोकशाही वरच्या मजल्यावर आहे, भिंतीवर. इथे नुसतं पाणी का येत नाही ते चाललंय."