मागितल्याशिवाय द्यायचं नाही

माझ्या सासरी कुणावर काही मागायची वेळच येत नाही. सासू-सासरे अमरावतीकडचे. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि मुलाच्या आयटीतल्या नोकरीमागोमाग दोघंही पुण्याला, आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. येताना त्यांनी सामानाबरोबर आग्रहही आणला. पानातली पोळी संपत आली की दुसरी पडायची, नको म्हटलं की तिसरी पडायची, आणि हात आडवा धरला तर हातावर पडायची. मी जन्माने पुण्यातल्याच बिबवेवाडीची. आमच्या माहेरी "घेणार का?" असं एकदाच विचारतात. तुम्ही लाजून "नको" म्हणालात तर ते खरं धरून डब्याचं झाकण लावतात. लग्नानंतर माझं वजन वाढलं, तशी माहेरच्या या वागण्याबद्दलची माझी लाजही वाढत गेली.

अशा घरात आमचा मुलगा जन्माला आला. दोन वर्षांचा झाला तरी तो एक शब्द बोलेना. नावाने हाक मारली तर वळून बघायचा नाही, पण आतल्या खोलीत कुणी बिस्किटाचा पुडा हळूच फोडला तरी धावत यायचा. वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की त्याच्यासमोर मांडी ठोकून बसायचा आणि एकटाच खदखदून हसायचा. काही हवं असलं की माझं मनगट धरून मला फ्रिजपाशी न्यायचा आणि माझा हात फ्रिजच्या दारावर ठेवायचा. माझ्याकडे मात्र बघायचा नाही. मी सांडशी उचलते तसा तो माझा हात उचलायचा. काम झालं की सोडून द्यायचा. याचं मला फार वाईट वाटायचं. बोलणं येईल तेव्हा येईल, पण हा हात कुणाचा आहे हे त्याने एकदा वर मान करून बघावं, एवढंच मला हवं होतं.

नवरा सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा आणि त्याचाच पगार घ्यायचा. घरी आला की मात्र त्याला सगळं उत्तम दिसायचं. सासऱ्यांचं म्हणणं, आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात. ते खरं असावं, कारण एकदा बोलायला लागल्यावर त्यांच्यातलं कुणी थांबत नाही हे मी रोज अनुभवत होते. मी आपली जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या इंटरनेटवर वाचत बसायचे. घरी जे जे दिसायचं ते ते तिथे लिहिलेलं असायचं, आणि माझा डबा तसाच परत यायचा.

आधी कान तपासले. कान ठणठणीत निघाले. मग मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी त्याला बराच वेळ खेळवलं, आम्हाला ढीगभर प्रश्न विचारले आणि शांतपणे सांगितलं की हा ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, असंही म्हणाल्या. परतताना आम्ही रिक्षा केली. मुलगा माझ्या मांडीवर बसून मीटरकडे टक लावून बघत होता. येरवड्याच्या सिग्नलला नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "स्वमग्न." तो शब्द चाखून बघावा तसा त्याने उच्चारला. मला एकदम राहवलं नाही.

"तसं तर अर्धं पुणं स्वमग्न आहे," मी म्हणाले.

तो हसला. मग मी हसले, मग आम्ही दोघं इतके हसलो की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं बरंचसं हसण्याचं नव्हतं. रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. घरी पोचेपर्यंत मला हलकं वाटत होतं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण निदान त्या गोष्टीला आता एक नाव होतं.

बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई तरुण होत्या आणि जमिनीवर फतकल मारून बसायच्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, घरी खायला देता तसंच इथे देऊन दाखवा. सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. मुलाने डब्याकडे नुसतं बघितलं, तोवर रव्याच्या लाडवाचा तुकडा त्याच्या तोंडात गेला होता. तो गिळायच्या आत दुसरा तयार. इतक्यात सासऱ्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि नवऱ्याने रुमालाने तोंड पुसलं. तिघांचं काम मोठ्या शिस्तीत चाललं होतं.

बाईंनी सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "याला काही मागायची गरज कधी पडते?"

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. बाईंनी लगेच स्पष्ट केलं की ऑटिझम लाडाने होत नाही, तुम्ही कुणीच काही वावगं केलेलं नाही. फक्त त्याला मागायला जागा करून द्या. आवडीची गोष्ट थोडीशी द्यायची, मग त्याच्याकडे बघत थांबायचं. शब्दच हवा असं नाही. त्याने वर बघितलं तरी पुरे, आवाज काढला तरी पुरे, पण आधी त्याच्याकडून काहीतरी येऊ द्यायचं. आणि बराच वेळ काहीच आलं नाही तर देऊन टाकायचं, रडवायचं नाही.

म्हणजे थोडक्यात, मागितल्याशिवाय द्यायचं नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या तेवढ्या बाकी होत्या. ज्या वागण्यावरून सासरी इतकी वर्षं माझी चेष्टा झाली, ती माझ्या माहेरची अख्खी रीत आता उपचार म्हणून लिहून मिळाली होती. घरी आल्यावर मी जाहीर केलं की आजपासून या घरात बिबवेवाडीचा कायदा चालेल.

तो कायदा एक दुपारसुद्धा टिकला नाही. सासरे केळं सोलून समोर बसायचे, मुलगा त्यांचं मनगट ओढायचा आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की उपाशी तेच आहेत. "लेकराले काहून ताटकळत ठेवता?" ते म्हणायचे आणि अख्खं केळं त्याच्या हातात द्यायचे. मी बघते आहे असं दिसलं की पडद्यामागे नेऊन द्यायचे. मग मी खास माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही, तो तरी डगमगणार नाही अशी माझी खात्री होती. ते बिस्किटाचा पारदर्शक डबा मांडीवर घेऊन ताठ बसले. नातवाने डब्यावर गाल टेकवला. वडिलांनी झाकण उघडलं, दोन बिस्किटं त्याला दिली, एक स्वतः खाल्लं आणि मला म्हणाले की मला हे असलं काही सांगू नकोस. मी इतकी चिडले होते की त्यांना चहाही विचारला नाही.

तेवढ्यात संक्रांत आली आणि सासूबाईंनी बोरन्हाण काढलं. काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून लहान मुलाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या असं सगळं ओतायचं. जमलेल्या मुलांनी ते लुटायचं. पाच वर्षांच्या आत करतात आणि आमचं आधीच दोनदा राहून गेलेलं. डोक्यावर पाण्याचा तांब्या घेतला तरी हा मुलगा इमारत डोक्यावर घ्यायचा. मी अटी घातल्या. हलव्याचे दागिने नाहीत, बोरं-ऊस नाही, नुसते चुरमुरे. टाळ्या नाहीत, गलका नाही, आणि तो रडला की तिथेच थांबायचं. सासूबाई नाराज झाल्या, पण कबूल झाल्या.

त्या संध्याकाळी इमारतीतल्या चार-पाच जणी आपापल्या मुलांना दटावत भिंतीकडेने बसल्या. सासऱ्यांच्या हातात चुरमुऱ्यांचं पातेलं होतं. त्यांनी एक वाटी भरली आणि फार जपून नातवाच्या डोक्यावर रिकामी केली.

मी डोळे मिटून घेतले होते. रडणं ऐकू आलं नाही म्हणून उघडले. तो हसत होता, मशीनसमोर हसायचा तसं, पोट हलवून. चुरमुरे त्याच्या केसांतून, कानांवरून, काळ्या सदऱ्यावरून घरंगळत होते आणि तो प्रत्येकाचा आवाज ऐकत होता. सासऱ्यांनी दुसरी वाटी ओतली. तिसरी भरून वर नेली तेव्हा मी म्हणाले, "अहो बाबा, थांबा."

वाटी हवेत थांबली. मुलाने वर बघितलं, काही पडेना. त्याने आजोबांचं मनगट धरून ओढलं. वाटी हलली नाही.

"बघ ना, कसं पाहून राहिलं लेकरू," सासरे कुजबुजले. पण वाटी धरून होते. भिंतीकडच्या बायकांनीही श्वास रोखले होते. एरवी पुण्यातल्या कुठल्याही समारंभात इतकी शांतता मी पाहिलेली नाही.

त्याने पुन्हा मनगट ओढलं. मग त्याची नजर मनगटावरून कोपरावर गेली, कोपरावरून खांद्यावर, आणि तिथून सावकाश चेहऱ्यापर्यंत. त्याने आजोबांच्या डोळ्यांत बघितलं.

"दे," तो म्हणाला.

साहेब म्हणून निवृत्त झालेले सासरे, ज्यांना त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा अहो-जाहो करतो, त्यांना त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी असा हुकूम सोडला होता. त्यांनी वाटी फेकून दिली आणि पातेलंच उपडं केलं. मग कसल्या अटी आणि कसलं काय. बायका हसत होत्या, मुलं लुटत होती, सासूबाई पदराने डोळे पुसत पुन्हा ओवाळायला निघाल्या आणि नवरा चुरमुरे आणायला चपला न घालताच दुकानाकडे पळाला.

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. आम्ही ते रोज केलं. चुरमुरे गाद्यांत गेले, नवऱ्याच्या ऑफिसच्या बुटांत गेले, एकदा तर त्याच्या क्लायंटशी चाललेल्या फोनमध्ये कुरकुर ऐकू आली आणि पलीकडच्याने लाइन खराब आहे म्हणून तक्रार केली. ऑटिझम कुठे गेला नाही. "दे" सोडून दुसरा शब्द यायला पुढे बरेच महिने लागले, आणि त्या दिवसांत "दे"सुद्धा तो फक्त आजोबांनाच म्हणायचा. मला आनंद होत होता आणि हेवाही वाटत होता. मी समोर वाटी घेऊन बसले की तो माझं मनगट धरायचा, खालीच बघायचा, आणि मी नियमाप्रमाणे थांबून शेवटी ओतायचे.

रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी त्याने मनगट धरलं नाही. माझ्या हातातली वाटीच काढून घेतली. उठून उभा राहिला, माझ्याजवळ आला आणि वाटी माझ्या डोक्यावर धरली. मी वाट बघत बसले. काहीच पडेना. म्हणून मान वर केली तर तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, सरळ डोळ्यांत, वाटी तशीच धरून. तो थांबला होता.

"दे," मी म्हणाले.

त्याने सगळी वाटी माझ्यावर ओतली.