नाकवाल्या बाईंचे उंदीर

संशोधन संस्थेत त्यांना सगळे ‘नाकवाल्या बाई’ म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावरही. बाईंना त्याचा राग येत नसे. उभं आयुष्य त्यांनी नाकावरच काढलं होतं, तेही उंदरांच्या.

त्यांचा प्रश्न साधा होता. सर्दी बरी होते, मग काही जणांना पुढे वासच का येत नाही? नाकाच्या आत, पार वरच्या बाजूला, वास ओळखणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो. तिथल्या पेशी मरतात, नव्या उगवतात. बाईंना दिसलं, की रोगाशी लढायला धावून आलेल्या पेशी लढाई आटोपल्यावरही तिथून हलत नाहीत. आगंतुक पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतात आणि नव्यांना उगवू देत नाहीत. या चिवट पेशी औषधाने हटवता येतील असा उंदरांचा एक वाण बाईंनी पिढ्यान् पिढ्या पैदास करून तयार केला होता. तसे उंदीर दुसरीकडे कुठेच नव्हते.

यावरचा त्यांचा लेख एका छोट्या नियतकालिकात छापून आला. कुणी त्याची दखल घेतली नाही. वार्षिक आढाव्यात विभागप्रमुख हसत म्हणाले, “बाई, तुमच्या लेखापेक्षा आपल्या कँटीनचा फळा जास्त लोक वाचतात.”

सगळे हसले. बाईही हसल्या.

“दुसरा विषय घ्या. कर्करोग घ्या, मधुमेह घ्या. नाक कशाला?”

“सर, पेशी हटवल्यावर वास परत येतो का, एवढंच बघायचं राहिलंय.”

“राहिलंय खरं, पण वाट कोण बघतंय? तुमच्या लेखांचे इतरांच्या लेखांत उल्लेख किती होतात ते पाहा जरा.”

उंदरांची खोली दुसऱ्या गटाला गेली. निदान भ्रूण तरी गोठवून ठेवा, पुढे त्यातून वाण पुन्हा वाढवता येईल, म्हणून बाईंनी विनवलं. ज्या कामाला कुणी विचारत नाही त्यासाठी फ्रीजरमधली जागा अडवता येणार नाही, असं उत्तर आलं. उंदरांची देखभाल करणारे मामा म्हणाले, “बाई, तुम्ही बाहेर थांबा. मी उरकतो.”

“नको मामा. माझेच आहेत.”

एकेक पिंजरा डब्यात ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताने गॅसची चावी उघडली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी फक्त वर्ग घेतले.

आणि मग ती साथ आली. घरोघरी माणसांना वास येईनासा झाला. बहुतेकांना तो परत आला, बाईंच्या ताईंना मात्र नाही. आई गेल्यावर याच ताईंनी बाईंना लहानाचं मोठं केलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांदेखत दूध करपायचं आणि त्यांना पत्ता लागायचा नाही. अन्न भुशासारखं लागे. आपल्या अंगाला घाण तर येत नाही ना, या धास्तीने त्या पुन्हा पुन्हा आंघोळ करत. हातांची सालं निघाली.

“तू यातली मोठी शास्त्रज्ञ ना गं,” एकदा ताई म्हणाल्या, “मग कधी येईल ते सांग की.”

बाईंनी करपलेलं दुधाचं पातेलं घासायला घेतलं.

त्याच सुमारास संस्थेच्या नव्या विभागप्रमुखांचा फोन आला. “बाई, तुमचा जुना लेख जगभर गाजतोय! आपल्या संस्थेत सर्वांत जास्त उल्लेख तुमचे. भिंतीवर लावायला एक चांगलासा फोटो पाठवा ना.”

“उंदीर नाहीत हो आता,” बाई म्हणाल्या.

“कोणते उंदीर?”

बाईंनी फोन ठेवला. परदेशातल्या प्रयोगशाळाही तो वाण मागत होत्या. सगळ्यांना बाई एकच शब्द कळवत: संपले.

हाती उरला होता तो फक्त वासाचा सराव. बाई रोज सकाळी ताईंकडे जात आणि डोळे मिटायला लावून छोट्या बाटल्या त्यांच्या नाकाशी धरत. एकीत लवंग, एकीत लिंबू, एकीत गुलाब. मन फसवतंय का ते कळावं म्हणून एकीत नुसतं पाणी. कित्येक महिने ताई मान हलवत राहिल्या. मग एका सकाळी त्यांचा चेहरा फुलला.

“आला गं! लवंग ना?”

ती पाण्याची बाटली होती. धाकटीला बरं वाटावं म्हणून ताई मिटल्या डोळ्यांनी हसत होत्या.

“हो ताई,” बाई म्हणाल्या, “लवंगच.”

ताईंचं जेवण तुटत गेलं. पुढच्या थंडीत साध्या तापाने त्या गेल्या.

त्यानंतर काही वर्षांनी एका परक्या देशातल्या गटाने तसाच वाण नव्याने तयार केला, चिवट पेशी हटवल्या आणि उंदरांना वास येऊ लागला. त्यांच्या लेखात सगळ्यांत आधी बाईंच्या कामाचा उल्लेख होता. बाईंनी तो लेख बारकाईने वाचला. कुठे चूक सापडते का, म्हणून पुन्हा वाचला. चूक नव्हती. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.