भरिताच्या दिवसाची हवा

मागच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, जळगावातल्या एका सरकारी कार्यालयाच्या गच्चीवर भरीत पार्टी झाली आणि शहराच्या हवेचा त्या दिवसाचा आकडा त्या हिवाळ्यातला सर्वांत वाईट निघाला. हवा मोजणारं यंत्र त्याच गच्चीवर होतं. वांगी भाजणारा आणि हवा मोजणारा माणूसही एकच होता.

त्यांना सगळे आबा म्हणत. मूळचे धुळ्याचे. यंत्रात पांढरा कागद बसवायचा, दिवसभर त्यातून हवा ओढू द्यायची, मग काळवंडलेला कागद तोलायचा, हे काम ते नोकरीभर त्याच गच्चीवर करत आले होते. कोणी म्हणालं, "आबा, आज हवा बरी वाटते," तर उत्तर ठरलेलं: "नाकाचं ऐकू नका. कागदवर बठ्ठं शे." म्हणजे, सगळं कागदावर आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आबा लग्नाच्या पंगतीत टेबलावर बोट फिरवत, बोटाकडे पाहत आणि यजमानाला सांगत, "ही मुरमाची धूळ. गाड्यांची नाही." यजमान टेबल पुसायला फडकं मागवत.

पार्टीसाठी कपाशीच्या काड्या त्यांनीच निवडल्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ते भरीत मानत नसत. त्यांच्या साहेबांनी विचारलं, "यंत्राला धूर लागणार नाही ना? तासभर बंद ठेवा."

"मधेच बंद केलं की दिवस बाद होतो." आबांनी रुमाल वर धरून वारा पाहिला. "वारा तिकडे आहे, साहेब. तुम्ही मिरच्या ठेचा."

वांगी अर्धी भाजली तेव्हा वारा फिरला. भरीत उत्तम झालं होतं. पाहुणा बातमीदार म्हणून मी दोनदा वाढून घेतलं.

आकडा आल्यावर साहेब म्हणाले, "खोडून टाका, आबा."

"खोडायचं नसतं. खूण करायची असते." त्यांनी शेऱ्यात लिहिलं: गच्चीवर वांगी भाजली, वारा फिरला.

पार्टी अशी सरकारी कागदावर चढल्यावर साहेबांना एकाएकी वाटलं की यंत्राची जागाच चुकीची आहे. ते तलावाकाठच्या बागेत हलवायचा हुकूम निघाला.

आबांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. रस्ते रुंद झाले, गाड्या वाढल्या, त्याने हवेचं काय झालं हे सांगायला एकाच जागेवरची वर्षानुवर्षांची मापं लागतात. जागा बदलली की जुन्याची नव्याशी तुलना होत नाही. "वर्षभर दोन्हीकडे मोजू द्या," त्यांनी मागितलं. दुसरं यंत्र नाही, असं उत्तर मिळालं.

बागेतले आकडे चांगले आले. आमच्या पेपरने छापलं: जळगावची हवा सुधारली. दुपारी आबा कचेरीत हजर.

"दुरुस्ती छापा. हवा तीच शे. यंत्र बागेत फिरायला गेलं."

संपादक हसले. "आणि भरीत तुम्हीच केलं ना?"

"केलं. तेही छापा."

आम्ही दोन्ही छापलं. पुढे बरेच दिवस भाजीवाला त्यांना विचारायचा, "आबा, आज कोणाची हवा बिघडवायची?" आबा वांगी दाबून पाहत म्हणायचे, "आधी वांगी तर ताजी दे."

बातमीची दखल वरच्या कार्यालयाने घेतली. यंत्र मूळ जागी न्या, असं पत्र आलं. तोवर आबा निवृत्त होऊन धुळ्याला गेले होते. मी फोनवर कळवलं. बागेतले आकडे आलेखातल्या जुन्याच रेषेला जोडायचं साहेबांच्या मनात आहे, हेही सांगितलं.

आबा म्हणाले, "जोडू नका म्हणा. तेवढी जागा मोकळी राहू द्या. कोणीतरी विचारेल."

मी निरोप दिला. साहेबांनी "बघू" म्हटलं.

आबा पावसाळ्यात धुळ्याला झोपेतच वारले. पाऊस संपल्यावर यंत्र जुन्या गच्चीवर बसवलं. यंदाच्या आलेखात बागेतल्या महिन्यांची जागा कोरी आहे.