उजवा हात, डावा हात

माझे वडील वैजापूरच्या मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि आज विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात शिक्षक घडवतो. हे मी अभिमानानं सांगतो. पुढचं सांगताना मात्र मान खाली जाते.

बी.एड.च्या शेवटी परीक्षेचा पाठ असतो. भावी शिक्षकानं खऱ्या वर्गात शिकवायचं, बाहेरचे परीक्षक मागं बसून गुण देणार. आमच्याकडं एक रीत होती. आदल्या दिवशी तोच पाठ त्याच वर्गात घेऊन ठेवायचा. मुलांना सांगायचं, उत्तर येत असेल तर उजवा हात वर, नसेल तर डावा. सगळे हात वर दिसतात, शिक्षक विचारतो उजव्यालाच. ही युक्ती मीच शिकवायचो.

पिशोरकडची एक विद्यार्थिनी होती. धनगराची लेक, घरातली पहिलीच शिकलेली. गावाजवळच्या एका शाळेत तिला घ्यायचं पक्कं होतं, अट एकच, बी.एड.ला पहिला वर्ग. तिनं युक्ती ऐकली आणि म्हणाली, "सर, त्यांना आधीच येतंय ते परत काय शिकवायचं?"

"बाई, परीक्षा तुझी हाय, पोरांची नाय," मी म्हणालो. सगळे हसले. ती हसली नाही.

परीक्षेला तिच्या वाट्याला छावणीतल्या शाळेतला सहावीचा वर्ग आला. आदल्या दिवशी काही न घेता तिनं पाठ कोराच घेतला. एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश? एक मुलगी ठामपणे म्हणाली, "तृतीयांश. तीन मोठा हाय ना!" हिनं टाचण बाजूला ठेवलं, स्वतःच्या डब्यातल्या दोन भाकरी काढल्या, एकीचे दोन तुकडे केले, दुसरीचे तीन.

"लई भूक लागलीय तुला. कोणता घेशील?"

"अर्धी!" मुलगी ओरडली, मग स्वतःच जीभ चावली. "अगं बया, मंग अर्धाच मोठा की!" वर्ग खदखदला. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला.

परीक्षक म्हणाले, "पाठ अपुरा. वर्गात गोंधळ. मार्गदर्शक म्हणून तुमचं काय मत?"

त्या दिवशी खरं शिकवणं तेवढं एकच झालं होतं, हे मला कळत होतं. पण बाकीचे पाठ इतके गुळगुळीत कसे झाले, हेही मग सांगावं लागलं असतं. "वेळेचं नियोजन चुकलं, सर," मी म्हणालो आणि त्यांच्या शेऱ्याखाली सही केली.

पहिला वर्ग थोडक्यात हुकला. शाळेनं दुसऱ्याला घेतलं. गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "सर, तुम्ही मागंच बसला होता. त्या पोरीला कळलेलं दिसलं ना तुम्हाला?"

"व्हय," मी म्हणालो.

यंदा मी पाठ आधी घ्यायला बंदी केली. एकानं कुरकुर केली, "सर, मागल्या साली तर चालत होतं!"

"नियम बदललाय," मी म्हणालो. कुणाचं नुकसान झाल्यावर बदलला, ते वर्गाला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. तिलाही नाही.