नत्थूच्या नाल्यांतलं सोनं

नीलकंठरावांनी एकतीस वर्षं नाल्यांचा गाळ तपासला आणि पदरात काय पडलं, तर गुडघेदुखी. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, ऑफिसाच्या पाट्या बदलल्या. या भूवैज्ञानिकाच्या नशिबी मात्र तीच माती. अन् निवृत्तीला चार महिने उरले असताना प्रयोगशाळेचा अहवाल आला. सात नाल्यांच्या गाळात सोनं! ऑफिसात पेढे वाटले गेले. समता कॉलनीतल्या घरी ते बायकोला, विनोदिनीला म्हणाले, "एक तरी खाण माह्या हातून निघन आता."

पण माणूस पडला चिकित्सक. नकाशा पसरून बसले तर मेळच बसेना. सोनं सहसा एकटं येत नाही, आर्सेनिकसारखे सोबती घेऊन येतं. इथे सोबती एकही नाही. त्याच नाल्यांतून दुसऱ्या मजुराने, हरिदासने आणलेल्या गाळात सोन्याचा मागमूस नाही. सातही नमुने गाळ चाळणाऱ्या नत्थूचे, आणि सातही त्याची बायको गेल्यानंतरचे.

गाळ चाळणाऱ्याच्या हातात सोनं नको, हा या कामाचा पहिला नियम. नवख्यांकडून नीलकंठराव तो घोकून घेत. सुतक संपवून नत्थू कामावर आला तेव्हा त्याच्या करंगळीत अंगठी होती, बायकोचं डोरलं मोडून केलेली. त्याच हाताने तो चाळणीवर ओली ढेकळं चोळत होता. नीलकंठरावांनी ते पाहिलं होतं. दुःखातल्या माणसाला अंगठी काढ कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसले होते.

मोठ्या साहेबांना त्यांनी सगळं लिहून कळवलं आणि गोदामात गेले. नत्थू पिशव्यांवर नंबर टाकत होता.

"नत्थू, त्या नाल्यांत सोनं नाही बापा. तुह्या अंगठीचं होय ते. चुकी माही आहे, मीच तुले बोललो नाही."

नत्थू घाबरेल, नोकरीचं विचारेल, असं त्यांना वाटलं होतं. तो अंगठीकडे पाहत राहिला.

"म्हंजे हे झिजून राहिली, साहेब?"

"डोळ्याले दिसणार नाही इतकी."

"मशीनले तं दिसली ना." त्याने करंगळी मुठीत झाकली. "तो गाळ वापस भेटन का? तिचंच होय ते."

तपासलेला गाळ केव्हाच आम्लात विरघळला होता. नीलकंठरावांना ते पक्कं ठाऊक होतं. तरी ते "विचारून पाहतो" म्हणाले, आणि बाहेर येऊन गोदामाच्या भिंतीशी उभ्यानेच रडले.