काझी सर आणि अदलाबदल झालेल्या फायली

माझी नोकरी वाचवणारा माणूस आज सकाळी गेला.

काझी सर. परराष्ट्र खात्यातले माझे पहिले साहेब. निवृत्त झाल्यावर दिल्ली सोडून उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरी परत आले होते.

मी त्यांच्याच शहरातल्या औरंगपुऱ्याची, हे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मग इंग्रजी कशाला फाडायलीस गं? आपल्यावानी बोल की."

तेव्हा शेजारच्या देशाशी लवाद कराराची बोलणी चालू होती. तंटा झाला तर तो पंचांपुढे न्यायचा, असा जुना करार. त्याची मुदत आठवडाभरात संपत होती.

सीमेवरच्या नदीत दोन्हीकडचे कोळी मासे धरतात. कुणाची होडी पकडली गेली, तर ती याच करारामुळे सुटायची. करार संपला की त्यांचं काही खरं नव्हतं.

आणि सगळं अडलं होतं एका कलमावर. मुख्य पंच कोणी नेमायचा?

ते म्हणत, आम्ही. आम्ही म्हणत, आम्ही. तीन दिवस हेच. चहा मात्र उत्तम होता.

चौथ्या दिवशी मी माती खाल्ली.

अशा कराराच्या दोन प्रती असतात. ज्या देशाची प्रत, तिच्यात त्याचं नाव आधी. मान राखायची जुनी पद्धत. त्या दिवशी मसुद्याच्या फायली मी मांडल्या. नेमक्या उलट्या: त्यांची प्रत आमच्यापुढे, आमची त्यांच्यापुढे.

त्यांच्या प्रमुखांनी फाइल उघडली. पहिलं नाव आमचं! "हा आमच्या देशाचा अपमान आहे," म्हणत ते उठलेच.

माझं प्रोबेशन चालू होतं. पहिल्या पगाराची साडी आईने अजून नेसलीही नव्हती.

सर शांतपणे उभे राहिले. "फायली मी मांडल्या. चूक माझी."

धडधडीत खोटं. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतः फाइल मांडली नसेल.

मग आमच्यापुढची प्रत त्यांना दाखवली. "ही बघा, इथे तुमचं नाव आधी आहे. तुमचा मान आमच्या हाती, आमचा तुमच्या; पंचही असेच निवडू. माझ्या गल्लीत भांडण मिटवताना आपला पंच आपण निवडत नाही. समोरच्याच्या घरातला शहाणा माणूस मागतो. तुम्ही आमच्यातला एक निवडा, आम्ही तुमच्यातला. मुख्य पंच ते दोघं ठरवतील."

त्यांचे प्रमुख हळूच खाली बसले. म्हणाले, "चहा मागवा."

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या.

बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. "सर, माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"येडी का तू? त्यांना म्हणायलो, आमच्या माणसावर भरवसा ठिवा. अन् मीच माझ्या माणसाला पुढं ढकलू व्हय?"

मागच्या आठवड्यात मी सरांना भेटायला दवाखान्यात गेले, बातमी सांगायला. करार पुन्हा नव्याने झाला. बोलणी अर्ध्या दिवसात आटोपली. त्या कलमाला दोन्हीकडून कुणी हातही लावला नाही.

सरांनी डोळे उघडले. "अन् फायली?"

"नीट मांडल्या म्हणे, सर."

"हात् तिच्या. मग मजा नाय आली आसंल."

खूप हसलो आम्ही. नर्स रागावली.

सर, होड्या अजून सुटतात. तुमचं कलम शाबूत आहे, आणि तुमच्या माणसाची नोकरीही सन्मानाने पूर्ण झाली.

तुमच्या औरंगपुऱ्याच्या पोरीचा शेवटचा सलाम.