मागच्या खोलीसाठी आल्याचा रस

सासरे गेल्यावर सासूबाई कराडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली होती आणि डमडमला एका जुन्या दुमजली घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. खाली घरमालकीणबाई एकट्याच राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, विधवा, मुलगा बंगळूरला. मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची आणि त्या मला बौमा, म्हणजे सूनबाई.

एका दुपारी जेवता जेवता सासूबाईंचा हात थांबला.

"मागच्या खोलीत मूल खोकतंय गं."

मागच्या खोलीत आमच्या रिकाम्या बॅगा होत्या, इस्त्रीचं टेबल होतं आणि दोरीवर कपडे. मी तसं सांगितलं. "बघून तरी ये," त्या म्हणाल्या. मी गेले, पाहिलं, परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, कान अधू झाले की मेंदू आपणच आवाज तयार करतो, काळजीचं कारण नाही. नवऱ्याचं म्हणणं, खालचा पाण्याचा पंप तसा आवाज करतो. त्याने आईला हाताला धरून खोलीत नेलं, चारी कोपरे दाखवले. त्यांनी शांतपणे सगळं बघून घेतलं.

"आत्ता थांबलंय," त्या म्हणाल्या. "माणसं बघून थांबलं असेल."

मग त्यांनी माझ्याकडे आलं मागितलं.

कुठलंही चालायचं नाही त्यांना. पातळ सालीचं, मोडल्यावर पाणी सुटणारं हवं. ते चमच्याने खरवडायचं, खलबत्त्यात कुटायचं आणि मलमलच्या फडक्यातून पिळायचं. रस लगेच द्यायचा नाही. घटकाभर ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो. तो तसाच राहू द्यायचा, वरचं निवळ तेवढं वाटीत घ्यायचं आणि त्यात मध घालायचा. बाकी पुष्कळ गोष्टी त्या विसरत होत्या, गॅस बंद करायचासुद्धा, पण साका कधी वाटीत आला नाही. वाटी त्या मागच्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवत. संध्याकाळी मी ती गुपचूप मोरीत ओतायची.

"थुंकते गं ती," त्या एकदा कष्टी होऊन म्हणाल्या. "तिखट लागतं. मध वाढवायला हवा."

रोज दुपारी होणाऱ्या कुटण्याची तक्रार घेऊन माशीमा वर आल्या. त्यांच्या पलंगाच्या बरोबर वर आमचा ओटा. "एवढं काय कुटता, बौमा? डोळा लागत नाही." मी ओशाळले, आणि हसण्यावारी नेत सगळं सांगून टाकलं. म्हातारीला भास होतात, मागच्या खोलीत मूल खोकतं म्हणते, त्याच्यासाठी औषध.

माशीमांनी दाराची चौकट धरली.

"मुलगा की मुलगी?"

सासूबाईंना बंगाली येत नव्हतं आणि माशीमांना मराठी. मी मध्ये उभी राहून विचारलं.

"मुलगी आहे," सासूबाई म्हणाल्या. "लहान आहे. आल्याची चव सोसत नाही तिला."

मी तेही बंगालीत सांगितलं. माशीमा तिथेच खुर्चीवर बसल्या. लग्नानंतर त्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. पहिली मुलगी. दम्यासारखा खोकला होता. तुळस झाली, अडुळसा झाला, इंजेक्शनं झाली. आल्याचा रस मात्र ती थुंकून टाकायची, अंगावर उडवायची. एका थंडीत त्या मागच्या खोलीतच गेली. "तिच्यानंतर आम्ही खाली राहायला गेलो," त्या म्हणाल्या. "मुलालासुद्धा कधी सांगितलं नाही."

आलं कुठलंही मूल थुंकतंच, हे मला कळत होतं. तरी माझ्या हातांवर काटा आला होता.

त्या दिवसापासून माशीमा रोज दुपारी वर यायला लागल्या. सासूबाई वाटी त्यांच्या हातात देऊन म्हणायच्या, "द्या तिला." एवढं मराठी त्यांना न सांगता समजायचं. वाटी घेऊन त्या मागच्या खोलीत जायच्या. एकदा मी कपडे काढायला आत गेले तर त्या बॅगेवर बसल्या होत्या. तोंड फिरवून बसलेल्या मुलासमोर धरावी तशी वाटी पुढे धरलेली. मी कपडे तसेच ठेवून बाहेर आले.

परत आल्यावर त्या मला विचारायच्या, "विचार ना, आज कशी आहे?" मी विचारायची, सासूबाई कान देऊन उत्तर द्यायच्या आणि मी ते बंगालीत सांगायची. घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो चिडला. "दोन म्हाताऱ्यांना तू नादी लावतेयस."

"मग तू सांग त्यांना," मी म्हटलं.

डिसेंबरात एका दुपारी सासूबाईंचा चेहरा खुलला. "आज खोकला बराच कमी आहे हो. गुण आला."

मी आनंदाने ते माशीमांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"त्यांना सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एवढ्यात पूर्ण बरी करू नका."

हे मराठीत कसं सांगायचं मला कळेना. शेवटी म्हटलं, "आई, त्या म्हणतायत, औषध चालू ठेवा." सासूबाईंनी मान हलवली. "ठेवायचंच. खोकला उलटतो."

जानेवारीत सासूबाईंना ताप आला, न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात त्या गेल्या. शेवटचे दोन दिवस त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

तेराव्यानंतर माशीमा वर आल्या, नेहमीच्याच वेळी. मी चहा ठेवला. त्या मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. विमानतळ जवळच, छपरावरून अगदी कमी उंचीवर एक विमान गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत त्या थांबल्या.

"बौमा, तुला येतो ऐकू?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण त्यांनी पुढे रोज विचारलं असतं, कशी आहे म्हणून, आणि मला रोज उत्तर द्यावं लागलं असतं.

"नाही, माशीमा."

त्यांनी मान डोलावली. "मलाही नाही. एकदासुद्धा नाही आला. मी आई असून."

चहा पिऊन त्या खाली गेल्या. त्यानंतर त्या वर येत नाहीत. जिन्यात भेटतात, माझी, नवऱ्याची तब्येत विचारतात. आम्ही अजून तिथेच आहोत. पंप मध्यंतरी बदलला. नवरा इस्त्रीसाठी मागच्या खोलीत जातो तेव्हा आत शिरण्याआधी दाराशी थांबून खाकरतो. बायकामाणसं असलेल्या खोलीत जाताना जुने लोक खाकरत तसा. आपण असं करतो हे बहुधा त्याच्या लक्षातही आलेलं नाही.